परीक्षक परदेशचे, मग स्पर्धक का नाहीत?

पावसाळा सरला की बेंगळुरूत श्वान प्रदर्शनांचा हंगाम रंगू लागतो. पॅलेस ग्राउंडसारख्या मोठ्या मैदानावर मांडव पडतात, रिंग आखल्या जातात आणि सकाळपासून ग्रूमिंगच्या टेबलांवर ड्रायर घुमू लागतात. रिंगच्या मधोमध उभे असलेले परीक्षक बऱ्याचदा ऑस्ट्रेलिया, युरोप किंवा आग्नेय आशियातून आलेले असतात. रॉटवायलरच्या मालकाशी गप्पा मारल्या तर कळते, की या कुत्र्याचा बाप सर्बियातून आणलेला आहे आणि शेजारच्या तंबूतल्या पूडलची आई थायलंडची आहे.

परीक्षक परदेशचे, रक्त परदेशचे, जातीही बहुतेक परदेशच्या. तरी केवळ स्पर्धेसाठी परदेशातून आले, रिंगमध्ये उतरले आणि रविवारी रात्रीच्या विमानाने परत गेले, असे कुत्रे इथे क्वचितच सापडते. उलट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला दर मार्चमध्ये भरणाऱ्या ‘क्रफ्ट्स’ या प्रदर्शनात परदेशी कुत्र्यांची संख्या तीन हजारांच्या वर जाते. हा फरक पैशाचा किंवा हौसेचा असेल असे पाहणाऱ्याला वाटते. बेंगळुरूतल्या हौशी मंडळींकडे या दोन्ही गोष्टींची वाण नाही. खरे कारण कुत्र्याच्या रक्तात आणि त्याच्या कागदांत आहे.

क्रफ्ट्स ‘राष्ट्रीय’ कसे झाले

क्रफ्ट्सची सुरुवात १८९१ साली लंडनच्या इझ्लिंग्टन भागातल्या रॉयल ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये झाली. चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांची बिस्किटे विकणाऱ्या कंपनीत वाढलेला माणूस. मोठी नावे प्रदर्शनाला आली की गर्दी येते, हे त्याला नेमके कळले होते. त्या पहिल्या दशकात रशियाच्या झारच्या पदरचे बोर्झोई कुत्रेही त्याच्या प्रदर्शनात येऊन गेले. म्हणजे पुढे अस्सल ब्रिटिश म्हणून ओळखले गेलेले हे प्रदर्शन जन्मतः तरी सीमाबंद नव्हते.

ते सीमाबंद झाले रेबीजमुळे. ब्रिटनने मुसक्या बांधण्याची सक्ती आणि आयातीवर निर्बंध असे दोन्ही उपाय करून हा रोग बेटाबाहेर काढला. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने सरकारमान्य कोठडीत ठेवण्याचा नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रेबीजने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा हा नियम किती गरजेचा आहे हे लोकांना पटले. १९२२ मध्ये देश पुन्हा रेबीजमुक्त झाला. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे या नियमाला कुणी हात लावला नाही.

सहा महिने पिंजऱ्यात राहिलेले कुत्रे रिंगमध्ये काय दाखवणार? त्याचे स्नायू सैल पडतात, केसांची रया जाते, माणसांत वावरण्याची सवय सुटते. त्यामुळे परदेशी स्पर्धकांना बंदी घालण्याची क्रफ्ट्सला गरजच पडली नाही. विलगीकरणाच्या कायद्यानेच ते काम केले आणि हळूहळू ‘हे आपले राष्ट्रीय प्रदर्शन’ अशी भावना रुजली.

२८ फेब्रुवारी २००० रोजी ब्रिटनने पाळीव प्राण्यांसाठी नवी प्रवास योजना सुरू केली. चिप, लस आणि रक्तचाचणी या तिन्ही गोष्टी असलेल्या कुत्र्याला कोठडी माफ झाली. २००१ पासून परदेशी कुत्री क्रफ्ट्समध्ये दिसू लागली आणि २००२ मध्येच ‘बेस्ट इन शो’चा मान नॉर्वेहून आलेल्या टॉपस्कोअर कॉन्ट्रडिक्शन या स्टँडर्ड पूडलने नेला. पुढे २०१९ मध्ये बेल्जियमचा पॅपिलॉन, २०२३ मध्ये क्रोएशियाचा लागोत्तो रोमान्योलो आणि २०२५ मध्ये इटलीची व्हिपेट अव्वल ठरली. घरच्या ब्रीडरांना हे सुरुवातीला जड गेले असेल. पण ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे त्याच त्या वंशांत फिरणाऱ्या जातींना बाहेरचे रक्त आणि बाहेरची तुलना या दोन्हींची गरज होती.

आधी चिप, मग लस, मग रक्त

कोठडीची जागा एका चाचणीने कशी घेतली, हे समजायला रेबीजची चाल समजून घ्यावी लागते. हा विषाणू चाव्यातून शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणून बाधा होणे आणि लक्षणे दिसणे यांत काही आठवडे, कधी काही महिने जातात. या मधल्या काळात कुत्रे धडधाकट दिसते, खाते-पिते, शेपूट हलवते. जिवंत कुत्र्यात या टप्प्यावर बाधा खात्रीने ओळखणारी चाचणी नाही. म्हणून जुना उपाय एकच होता. कुत्र्याला डांबून ठेवायचे आणि रोग बाहेर पडतो का याची वाट पाहायची.

नव्या पद्धतीतही वाट पाहावी लागते, फक्त ती घरी बसून पाहता येते. पहिली पायरी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली बसवतात आणि तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक असतो. ती लसीच्या आधीच हवी, कारण कोणत्या कुत्र्याला लस दिली याचा पुरावा त्या क्रमांकाशिवाय उभाच राहत नाही. दुसरी पायरी रेबीजची लस. तिसऱ्या पायरीत लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या प्रथिनांचे, प्रमाण मोजले जाते. ते प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले, तर लस लागू पडली असे मानतात.

यानंतरची पायरी अनेक मालकांना अन्यायाची वाटते. चाचणी उत्तीर्ण झाली, तरी भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये जाणाऱ्या कुत्र्याला रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. कारण साधे आहे. लस घेण्याआधीच कुत्र्याला बाधा झालेली असेल, तर लस त्याला वाचवेलच असे नाही. रक्तातली प्रतिपिंडे चांगली दिसतील आणि विषाणू मात्र मेंदूकडे सरकत राहील. अशा कुत्र्यात लक्षणे दिसायला पुरेसा वेळ मिळावा, म्हणून हे तीन महिने. ज्या देशांत रेबीज नाही किंवा पूर्ण आटोक्यात आहे त्यांच्या यादीतल्या कुत्र्यांना ही अट नसते. भारत त्या यादीत नाही.

हिशेब मांडला की अडचण उघड होते. बेंगळुरूच्या कुत्र्याला मार्चच्या सुरुवातीला क्रफ्ट्सच्या रिंगमध्ये उभे राहायचे असेल, तर त्याची लस नोव्हेंबर उजाडण्याआधीच झालेली हवी. ब्रिटनमध्ये उतरण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून फीतकृमीचे औषध दिल्याची नोंदही लागते. जपान याहून कडक आहे. १९५७ नंतर तिथल्या कुत्र्यांत रेबीज आढळलेला नाही, आणि भारतासारख्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला रक्ततपासणीनंतर १८० दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट येणारे कुत्रे घेतच नाही. आधी मान्य देशात मुक्काम करावा लागतो.

> चौकट: ब्रुसेल्स ते बेंगळुरू आणि परत
>
> समजा, बेल्जियममधले एखादे कुत्रे बेंगळुरूच्या प्रदर्शनाला निघाले. त्याला चिप, लस आणि आरोग्य दाखला लागेल. भारताच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना-हरकत पत्र लागेल. ही सेवा जिथे आहे अशाच विमानतळावर उतरता येते, आणि बेंगळुरू त्यांपैकी एक आहे. इथवर वाट चालण्यासारखी आहे. खरा अडसर परतीचा. निघण्यापूर्वी युरोपातच प्रतिपिंड चाचणी करून तिचा निकाल कुत्र्याच्या पासपोर्टवर नोंदवलेला असेल, तर कुत्रे प्रदर्शन आटोपून लगेच घरी जाऊ शकते. ती चाचणी राहून गेली, तर रक्त भारतात काढावे लागेल आणि पुढचे तीन महिने इथेच राहावे लागेल. दोन दिवसांच्या स्पर्धेसाठी एवढा धोका फार थोडे मालक पत्करतात.

कुत्र्याची वही

रक्त चालले, तरी कागद चालायला हवा. श्वान प्रदर्शनात उतरणाऱ्या कुत्र्याची वंशावळ नोंदलेली असते. तिला पेडिग्री म्हणतात आणि ती ठेवणाऱ्या मूळ नोंदवहीला स्टडबुक. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, आडनाव आणि गाव सांगितले की पणजोबांची सही समोर येते, तसेच हे. प्रश्न येतो तो एका क्षेत्रातल्या उपाध्यायाने दुसऱ्या क्षेत्रातल्या वहीवर विश्वास ठेवण्याचा.

हा विश्वास बांधण्यासाठी १९११ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी एकत्र येऊन फेडरेशन सिनोलॉजिक इंटरनॅशनल, म्हणजेच एफसीआय, ही संस्था स्थापली. तिचे मुख्यालय बेल्जियममध्ये आहे. प्रत्येक देशाची एक संस्था तिची सदस्य असते आणि सदस्य एकमेकांच्या स्टडबुकला मान्यता देतात. भारताकडून चेन्नईत मुख्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया सदस्य आहे. तो १८९६ सालचा, म्हणजे एफसीआयपेक्षा जुना. ब्रिटन आणि अमेरिकेचे क्लब एफसीआयचे सदस्य नाहीत, पण परस्पर करारांमुळे त्यांच्या वह्याही चालतात.

वही एक झाली की कुत्र्याचे ‘राष्ट्रीयत्व’ धूसर होते. २०१५ मध्ये क्रफ्ट्स जिंकलेल्या नोपा या स्कॉटिश टेरियर मादीचे उदाहरण घ्यावे. जात स्कॉटलंडची, मालकी रशियन, रिंगमध्ये तिला फिरवणारी हँडलर अमेरिकन आणि विजय इंग्लंडमधला. तो कोणत्या देशाच्या खात्यात मांडायचा? व्यवहारात मालक राहतो तो देश धरला जातो. त्यामुळे राजकारणही रिंगपर्यंत पोचते. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर ब्रिटनच्या केनेल क्लबने रशियातल्या स्पर्धकांना क्रफ्ट्सचे दार बंद केले.

आंतरराष्ट्रीय चॅम्पियन हा किताबही याच वहीतून मिळतो. एफसीआयच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जातीत सर्वोत्तम ठरलेल्याला सीएसीआयबी हे प्रमाणपत्र मिळू शकते. सर्वसाधारण नियम असा, की तीन वेगवेगळ्या देशांत, तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून अशी चार प्रमाणपत्रे मिळवायची आणि पहिल्या व शेवटच्या प्रमाणपत्रात एक वर्ष एक दिवसाचे अंतर हवे. बेल्जियममधल्या कुत्र्याला गाडीत बसवून एका दिवसात तीन देश पालथे घालता येतात. बेंगळुरूच्या कुत्र्यासाठी दुसरा देश म्हणजे विमान, पिंजरा, उष्णतेमुळे उड्डाणांवर येणारी बंधने आणि पुन्हा तेच तीन महिने. पग किंवा बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या जाती तर अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत, कारण त्यांना उष्ण, कोंदट जागेत श्वास घेणे कठीण जाते. दोन कुत्र्यांची गुणवत्ता सारखी असूनही एकाकडे किताब असतो आणि दुसऱ्याकडे नसतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

एकच लॅब्रॅडॉर, दोन मापे

प्रदर्शनात कुत्र्याची तुलना शेजारच्या कुत्र्याशी होते, हा सामान्य समज अपुरा आहे. परीक्षक प्रत्येक कुत्रे त्याच्या जातीच्या लिखित मानकाशी ताडून पाहतो. डोक्याची ठेवण, दात, खांद्याचा कोन, चाल, केस, स्वभाव सगळे त्यात लिहिलेले असते. म्हणूनच अंतिम फेरीत चिवावा आणि ग्रेट डेन शेजारी शेजारी उभे राहू शकतात. दोघांतले अधिक मानकाबरहुकूम कोण, एवढेच ठरवायचे असते.

पण मानक सगळीकडे एक नाही. बेंगळुरूच्या सोसायट्यांत सगळ्यांच्या ओळखीचा लॅब्रॅडॉर घ्या. ब्रिटिश मानकात नराची आदर्श उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २२ इंच. अमेरिकन मानकात नर साडेबावीस ते साडेचोवीस इंचांचा हवा, आणि या मर्यादेपासून अर्ध्या इंचाहून जास्त फरक पडला तर तो बाद. म्हणजे ब्रिटनमधला आदर्श नर अमेरिकेत जेमतेम दारात उभा राहतो. अकिताचे तर एफसीआयने १९९९ मध्ये दोन जातींत विभाजन केले. जपानी बांधा वेगळा आणि अमेरिकेत वाढलेला जड बांधा वेगळा. अमेरिकन केनेल क्लबच्या लेखी ती त्यानंतरही बराच काळ एकच जात राहिली.

परदेशी स्पर्धक येतो तेव्हा तो हा सगळा मतभेद बरोबर घेऊन येतो. उंचपुऱ्या, धावत्या लॅब्रॅडॉरवर ज्याची नजर बसली आहे, त्याला बसक्या, रुंद छातीच्या कुत्र्यात दोष दिसतील. म्हणून बेंगळुरूत परदेशी परीक्षक बोलावण्याला मोठा अर्थ आहे. कुत्र्यांना सीमा ओलांडणे जड जाते तिथे परीक्षकाची नजर सहज येते. शिवाय स्थानिक परीक्षकाला ब्रीडर ओळखीचे असतात, बाहेरच्याला नसतात, हाही फायदा लहान नाही. तरी परीक्षक बदलला की निकाल बदलतो ही तक्रार मागे उरतेच, आणि ती पूर्ण खोटी नसते.

आयातीचे दार

मग बेंगळुरूच्या रिंगमध्ये परदेशी रक्त येते कसे? बहुतेक वेळा कुत्रे कायमचे इथे आणून. मालक बाहेरच्या ब्रीडरकडून पिलू किंवा तयार चॅम्पियन घेतो आणि ते भारतीय मालकीचे म्हणून स्पर्धेत उतरते. मात्र २०१६ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने कुत्र्यांच्या आयातीवर अधिसूचना काढली. सोबतचा पाळीव प्राणी, संशोधन आणि लष्कर-पोलीस एवढ्याच वाटा मोकळ्या राहिल्या. व्यापारी पैदाशीसाठी आणण्यावर बंधन आले. त्यावरून न्यायालयात वादही झाले. परदेशी पैदास केंद्रांतून घाऊक पिले आणून विकण्याच्या धंद्याला आळा बसायलाच हवा होता. पण स्पर्धेपुरते येणारे आणि परत जाणारे कुत्रे ही स्वतंत्र गोष्ट आहे, तिला नियमांत स्वतंत्र जागा मिळायला हवी.

दुसरी वाट गोठवलेल्या वीर्याची. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षे टिकते. त्यालाही परवाने आणि आरोग्य दाखले लागतात, पण कुत्र्याचा प्रवास वाचतो. नर युरोपात राहतो आणि त्याची पिले भारतीय स्टडबुकात नोंदली जातात.

२०२४ मध्ये बेंगळुरूच्या रिंगवर आणखी एक सावट आले. १२ मार्चच्या पत्राने केंद्राने रॉटवायलर, अकिता, केन कोर्सो यांच्यासह २३ जाती घातक ठरवून त्यांची आयात, विक्री आणि पैदास रोखायला राज्यांना सांगितले. बाधित लोकांचे म्हणणे ऐकून न घेताच हे केले, असे म्हणत कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केले.

बाहेर जाण्याची वाट

आत येणारे दार आणि बाहेर जाणारे दार एकाच बिजागरीवर आहे, आणि ती बिजागरी म्हणजे रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीज-मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. हे मृत्यू मुख्यतः गरीब वस्त्यांतले, त्यात मुले पुष्कळ. त्यांच्यापुढे प्रदर्शनाची गोष्ट फारच लहान आहे. पण उपाय दोन्हींचा एकच: एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते. बेंगळुरूकडे यासाठी लागणारे शास्त्र आहे. निम्हान्समधला विभाग रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र आहे आणि हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली प्रयोगशाळा जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे.

हे जमते, हे गोव्याने दाखवले. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून दारोदार आणि गल्लोगल्ली लसीकरण केले, शाळांत मुलांना शिकवले, प्रत्येक संशयित चाव्याचा माग काढला. माणसांचे रेबीज-मृत्यू शून्यावर आले आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. त्याच वर्षी केंद्राने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा मांडला. परदेशी यादी मात्र राज्य पाहत नाही, देश पाहते. मडगावचे कुत्रे आणि मेरठचे कुत्रे लंडनच्या विमानतळावर सारखेच.

रक्ताचा प्रश्न सुटला तरी देशी जातींसाठी वहीचा प्रश्न उरतो. बेंगळुरूच्या प्रदर्शनात सर्वांत जवळचा घरचा स्पर्धक म्हणजे बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड. लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे, सशामागे वाऱ्यासारखे धावणारे हे शिकारी कुत्रे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ते जोपासले. सांगली, सोलापूर, साताऱ्याच्या माळरानावर त्याला कारवान म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले, लष्कराने मेरठला त्याला प्रशिक्षण दिले, मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्यासाठी संशोधन केंद्र उभे राहिले. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही त्याची नोंद केली. तरी केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो कॅरावान हाउंड आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत मुधोळ हाउंड. दोन वह्यांतली कुत्री एकत्र मोजली जात नाहीत, हे खरे नुकसान आहे.

एफसीआयच्या यादीत नवी जात न्यायची तर मोजणीच लागते. किमान आठ स्वतंत्र वंशरेषा हव्यात, प्रत्येकीत किमान दोन नर आणि सहा माद्या, आणि या रेषांमध्ये तीन पिढ्यांपर्यंत सामाईक पूर्वज नसावा. आरोग्य आणि स्वभावाच्या नोंदी वेगळ्या. माळावरच्या धनगराकडे किंवा शेतकऱ्याकडे उत्तम कारवान असते, पण त्याच्या आजोबाचा कागद नसतो. तो कागद आजपासून, चिप आणि डीएनए नमुन्यासह, गावोगाव जाऊन तयार करावा लागेल. हे काम क्लबांनी आणि विद्यापीठांनी मिळून करायचे आहे आणि त्यासाठी पाळणाऱ्याला खर्चात पाडता कामा नये. यादीत शिरकाव झाला तरी पहिली किमान दहा वर्षे मान्यता तात्पुरती असते आणि त्या काळात जातीला सीएसीआयबी मिळत नाही. म्हणजे आज मुधोळात किंवा जतमध्ये चिप बसवलेल्या पिलाच्या कित्येक पिढ्यांनंतरच्या वंशजाला आंतरराष्ट्रीय चॅम्पियनचा किताब मिळण्याची पहिली संधी येईल.